‘ताई, मॅक्रो थांबूनच नाही राहिला!’

दसरा महिनाभरावर आला की माझा फोन जरा जास्तच वाजायला लागतो. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर पुस्तकांचे स्टॉल लागतात, आणि विदर्भातले छोटे प्रकाशक जुन्या पुस्तिकांच्या नव्या आवृत्त्या नेमक्या त्याच वेळी काढतात. जुन्या म्हणजे कधीकाळी कृतिदेव या जुन्या देवनागरी फॉन्टमध्ये टाइप केलेल्या. आता त्या युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला आकडा देणारी पद्धत) हव्या असतात, कारण मोबाइलवर वाचायच्या असतात, पीडीएफमध्ये शब्द शोधायचा असतो. मग कुणीतरी कुठून तरी एक मॅक्रो, म्हणजे वर्डकडून तेच काम पुन्हा पुन्हा करून घेणारा छोटा प्रोग्रॅम, मिळवतं, वर्डमध्ये चिकटवतं, चालवतं. आणि मग मला फोन. “ताई, मॅक्रो थांबूनच नाही राहिला. लॅपटॉपचा पंखा पाहा ना कसा बोंबलून राहिला.”

मी नंदनवनला घरूनच डीटीपीचं काम करते. दसऱ्याला पुस्तिका, हिवाळी अधिवेशनाच्या तोंडावर निवेदनं, एरवी हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात जाणाऱ्या वकिलांचे ड्राफ्ट आणि पीएचडीवाल्यांचे प्रबंध. टायपिंग रेमिंग्टनवर शिकले; मॅक्रो शिकले ते कामाचा ढीग उपसायला. लोकांचे अडकलेले मॅक्रो सोडवता सोडवता एक लक्षात आलं की कामं कितीही वेगळी असली तरी अडकायच्या जागा ठरलेल्या आहेत. त्या एकदा लिहूनच ठेवते, म्हणजे फोनवर तेच तेच सांगायला नको.

आधी चालू असलेलं थांबवा. पण टास्क मॅनेजरमधून वर्डचा गळा दाबू नका, निदान लगेच तरी नाही. तसं केलं की शेवटच्या ऑटो-रिकव्हरनंतरचं काम जातं (वर्ड मुळात दर १० मिनिटांनी ते करतं), आणि त्याहून वाईट म्हणजे मॅक्रो नेमका कुठे अडकला होता त्याचा पुरावाही जातो. कंट्रोल आणि ब्रेक एकत्र दाबा. ब्रेक म्हणजे तीच की जिच्यावर पॉझ लिहिलेलं असतं. नव्या लॅपटॉपवर ती गायब आहे, म्हणून विंडोजचा ऑन-स्क्रीन कीबोर्ड उघडा, त्यात पॉझ आहे. कधी कधी एस्केप दाबून धरलं तरी काम होतं. थांबला की एक चौकट येते: कंटिन्यू, एन्ड, डीबग. शंभरातले नव्वद लोक घाबरून एन्ड दाबतात. डीबग दाबा. एक ओळ पिवळी होईल. मॅक्रो त्या क्षणी तिथे उभा आहे. आता एफ८ दाबत एकेक ओळ पुढे चला, आणि कुठल्याही व्हेरिएबलवर (मॅक्रोने आकडा किंवा मजकूर ठेवायला केलेल्या नावाच्या डब्यावर) माउस नेला की त्याची किंमत दिसेल. तपास इथून सुरू होतो.

हे सगळं दाबूनही काही होत नसेल तर मॅक्रोत ‘डूइव्हेंट्स’ नसेल. लूपच्या, म्हणजे पुन्हा पुन्हा फेऱ्या मारणाऱ्या ओळींच्या, आत ती एक ओळ असली की वर्डला अधूनमधून श्वास घ्यायला आणि तुमची की ऐकायला वेळ मिळतो. दर फेरीला टाकली तर मॅक्रो रेंगाळतो, म्हणून मी काहीशे फेऱ्यांनी एकदा टाकते. आणि ‘स्क्रीनअपडेटिंग’ बंद करणारी ओळ तपास पूर्ण होईपर्यंत काढून ठेवा. ती वेगासाठी असते हे खरं, पण स्क्रीन गोठलेली असली की आत काय चाललंय ते देवालाच ठाऊक.

आता मुद्द्याचं. ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ दिसलं म्हणजे लूप अनंत झाला असं मुळीच नाही. काही सेकंद खिडकीने उत्तर दिलं नाही की विंडोज ती पाटी लावून मोकळं होतं. तीनशे पानांच्या प्रबंधावर परिच्छेद क्रमांकाने, म्हणजे ‘पॅराग्राफ्स’च्या कंसात आय टाकून, फिरणारा मॅक्रो प्रामाणिकपणे चालत असतो, फक्त हळू, कारण दोन हजारावा परिच्छेद मागितला की वर्ड पुन्हा पहिल्यापासून मोजत येतं. जसजसं पुढे जाल तसतसं आणखी हळू. अशा मॅक्रोला मारून काय उपयोग? त्याला अर्धा तास द्या, नाहीतर ‘फॉर ईच’ने लिहा.

मग हळू कोणता आणि अनंत कोणता हे ओळखायचं कसं? माझ्याकडे याचं एकच माप आहे: जागा. फाईलच्या सुरुवातीपासून मोजत सापडलेला मजकूर कितव्या अक्षरावर आहे, म्हणजे रेंजचा (वर्डने धरलेल्या मजकुराच्या तुकड्याचा) ‘स्टार्ट’, तो आकडा दर फेरीला ‘डीबग प्रिंट’ने छापा आणि कंट्रोल-जी दाबून इमिजिएट खिडकीत बघा. आकडा वाढतोय? मॅक्रो हळू आहे. तोच आकडा पुन्हा पुन्हा? अडकला. आकडा वाढत वाढत जाऊन एकदम लहान झाला? फाईल संपवून पुन्हा पहिल्या पानावर आला. या तीन चालींवरून नव्वद टक्के निदान कोडची एकही ओळ न वाचता होतं. ‘सापडतंय तोवर करत राहा’ ही अट लोकांना सुरक्षित वाटते, कारण कधीतरी सापडायचं थांबेलच असा विश्वास असतो. वर्डमध्ये तो विश्वास ठेवायची सोय नाही. मजकूर आपणच बदलत असतो, त्यामुळे जे शोधतोय ते आपणच परत तयार करत नाही ना, हे बघावं लागतं.

सगळ्यात साधी केस ही शेवटची, आकडा लहान होणारी. मॅक्रो रेकॉर्ड केला की वर्ड स्वतःहून ‘रॅप’मध्ये ‘फाइंड कंटिन्यू’ लिहितं, म्हणजे शेवट आला की परत वरून शोध. सापडलेला शब्द पुसून टाकायचा असेल तर तेही चालून जातं, शब्द संपले की शोधही संपतो. पण सापडलेला शब्द फक्त ठळक करायचा असेल किंवा त्याला कंस लावायचा असेल तर शब्द जागेवरच राहतो, आणि मॅक्रो फाईलला प्रदक्षिणा घालत बसतो. शब्दाभोवती कंसांवर कंस चढलेले दिसले की समजून जा. ‘रॅप’ला ० द्या, म्हणजे ‘फाइंड स्टॉप’. आणि सापडल्यावर काम झालं की रेंजला ‘कोलॅप्स’ करून, म्हणजे मिटवून, शेवटाला न्या, नाहीतर पुढचा शोध कुठून सुरू होणार हे नशिबावर राहतं. त्याच जोडीने एक सवय लावून घ्या: ‘क्लिअर फॉरमॅटिंग’, ‘फॉरवर्ड’, ‘मॅच वाइल्डकार्ड्स’ हे सगळं दरवेळी स्पष्ट लिहा. ‘सिलेक्शन’वरून शोधत असाल तर मागच्या शोधाच्या खुणा तशाच राहतात. मघाशी फाइंडच्या चौकटीत तुम्ही वाइल्डकार्डवर टिक केली असेल तर ती मॅक्रोतही चालू राहते.

यावरून आपल्या मराठी लोकांचा खास खड्डा आठवला. हा कुठल्या इंग्रजी ट्युटोरियलात सापडणार नाही.

व्हीबीए म्हणजे वर्डचे मॅक्रो ज्या भाषेत लिहितात ती, आणि तिचा एडिटर युनिकोड जाणत नाही. वर्ड जाणतं, व्हीबीएच्या आतल्या स्ट्रिंग, म्हणजे मजकुराच्या माळा, जाणतात, पण ज्या खिडकीत आपण कोड लिहितो ती खिडकी जुन्या काळातली आहे, आणि तिला लागणारं जुनं कोडपेज (अक्षरांचा तक्ता) देवनागरीला कधी मिळालंच नाही. त्यामुळे तुम्ही तिथे ‘नागपूर’ चिकटवलं की चिकटतात सहा प्रश्नचिन्हं. ना, ग, पू, र असे चार दिसत असले तरी काना आणि दीर्घ उकार धरून सहा. लोकांना वाटतं फॉन्टचा प्रॉब्लेम आहे, आत नागपूरच असेल. नाही हो, आत प्रश्नचिन्हंच आहेत. आता वरची वाइल्डकार्डची टिक आठवा. वाइल्डकार्ड चालू असताना प्रश्नचिन्हाचा अर्थ ‘कुठलंही एक अक्षर’. म्हणजे मॅक्रो नागपूर शोधत नाही, कुठलीही सहा अक्षरं शोधतो, आणि ती तर पानोपानी आहेत. एका प्रबंधात प्रत्येक सहा अक्षरांना पिवळा हायलायट लागून अख्खा प्रबंध हळदीला बसल्यासारखा झाला होता, आणि तरी मॅक्रो शोधतच होता. मुलगी रडकुंडीला आलेली.

यावर दोन उपाय. अक्षरं आकड्यांनी द्या, ‘सीएचआर-डब्ल्यू’ वापरून: र म्हणजे २३५२, पहिली वेलांटी २३६७, हलंताची खूण २३८१. मराठीला लागणारा देवनागरीचा सगळा संसार २३०४ ते २४३१ च्या आत मावतो. एकदोन अक्षरांना हे ठीक. शब्दांची मोठी यादी असेल तर मी कोडमध्ये देवनागरी आणतच नाही. वेगळ्या वर्ड फाईलमध्ये दोन रकान्यांचं टेबल करते, डावीकडे जुना शब्द, उजवीकडे नवा, आणि मॅक्रो ते टेबल वाचतो. यादी गिऱ्हाईकही दुरुस्त करू शकतं, त्याला कोड उघडावा लागत नाही. लक्षात ठेवा, इमिजिएट खिडकी आणि ‘मेसेज बॉक्स’सुद्धा देवनागरीची प्रश्नचिन्हं करतात, तपासताना अक्षर छापू नका, ‘एएससी-डब्ल्यू’ने त्याचा आकडा छापा. लिब्रेऑफिसच्या बेसिक एडिटरात ही भानगड नाही, तिथे सरळ मराठीत लिहिता येतं. तिथला नेहमीचा फास वेगळा, पण जातकुळी तीच: पुढचा शोध सापडलेल्या मजकुराच्या शेवटापासून सुरू करायचा असतो आणि लोक सुरुवातीपासून करतात.

आता कृतिदेव, म्हणजे दसऱ्याआधीच्या फोनांचं मूळ. कृतिदेवमध्ये जे दिसतं ते देवनागरी, पण फाईलमध्ये साठवलेली असतात ती इंग्रजी अक्षरं. आणि रेमिंग्टन टाइपरायटरवर जशी वेलांटी अक्षराआधी ठोकायची, तशीच ती फाईलमध्येही अक्षराआधी बसलेली असते, ‘एफ’ या अक्षराच्या रूपात. युनिकोडला मात्र वेलांटी अक्षरानंतर हवी. म्हणजे कन्व्हर्ट करताना नुसतं अक्षराला अक्षर बदलून भागत नाही, वेलांटी उचलून पुढच्या अक्षराच्या पलीकडे ठेवावी लागते. हातोहात फिरणाऱ्या मॅक्रोंपैकी बरेच इथेच आपटतात.

एक मॅक्रो मी ओळीओळीने चालवून बघितला. त्याची पद्धत अशी: आधी सगळ्या एफच्या वेलांट्या करून टाकायच्या. मग मजकुराच्या स्ट्रिंगमध्ये ‘इन्स्ट्र’ने वेलांटी शोधायची, तिची आणि तिच्या पुढच्या अक्षराची अदलाबदल करायची, आणि वेलांटी सापडते तोवर हे चालू ठेवायचं. वाचताना अगदी बिनचूक वाटतं. मी त्याला दोन शब्द दिले, ‘किती दिवस’. पहिल्या पायरीनंतर स्ट्रिंग अशी होते: पहिली वेलांटी, क, त, दुसरी वेलांटी, मोकळी जागा, पुन्हा पहिली वेलांटी, द, व, स. नऊ खुणा. इन्स्ट्रला वेलांटी १ वर सापडते, क शी अदलाबदल होते, ‘कि’ झाला. इथे थांबायला हवं होतं. पण अट काय आहे? वेलांटी सापडते तोवर. ती सापडतेच, आता २ वर. त शी अदलाबदल. मग ३, दुसऱ्या वेलांटीशी. मग ४, मोकळ्या जागेशी. आता ती ५ वर आली आणि तिच्या पुढे ६ वर कोण उभी? ‘दिवस’ची वेलांटी. दोघींची अदलाबदल करा, स्ट्रिंग जशीच्या तशी. पुन्हा शोधा, ५. अदलाबदल. ५. इमिजिएट खिडकीत हे फार देखणं दिसतं: १, २, ३, ४, ५, ५, ५, ५, ५, आणि मग पाचाचा धबधबा. मॅक्रो बंद पाडून मजकूर बघितला तर ‘कती’ असा बोडका शब्द आणि त्यानंतर ठिपक्यांच्या गोलावर लटकलेल्या वेलांट्या. तो ठिपक्यांचा गोल म्हणजे बिनमालकाच्या मात्रेची खूण. कन्व्हर्ट केलेल्या फाईलमध्ये तो कुठेही दिसला की खरा गोंधळ त्याच्या दोनचार अक्षरं आधी झालेला असतो.

दुरुस्ती एका ओळीची नाही, पण सोपी आहे. एफ आधी बदलायचाच नाही. एफ शोधा, पुढचं अक्षर बघा, त्याच्यानंतर वेलांटी घाला, आणि तो एफ तिथल्या तिथे पुसा. दर फेरीला फाईलमधला एक एफ कमी होतो, आणि जे कमी होत जातं ते संपतंच. हा विचार बाकी सगळ्या लूपला लागू पडतो: दर फेरीला काय कमी होतंय ते बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. दाखवता येत नसेल तर मॅक्रो चालवू नका, आधी चहा घ्या.

जोडाक्षर आलं की ‘पुढचं अक्षर’ म्हणजे एक खूण नसते. ‘स्थिती’त वेलांटीला अर्धा स आणि थ दोन्ही ओलांडावे लागतात, पाय मोडलेलं अक्षर दिसलं की आणखी पुढे जा, असा छोटा लूप आत लिहावा लागतो. रफार याच्या उलट. तो कृतिदेवमध्ये अक्षरानंतर येतो, मोठ्या झेडच्या रूपात, आणि युनिकोडमध्ये त्याला मात्रा ओलांडत मागे न्यायचा असतो. हे आतले छोटे लूप फाईलच्या टोकाला अडकतात. ‘मूव्हस्टार्ट’, ‘मूव्हएन्ड’ या आज्ञा किती पाऊल सरकलं ते परत सांगतात. टोकाला उभं असलं की सांगतात ०, पण कुणी विचारलं तर ना! शून्य आलं की बाहेर पडा. आणि हो, एफ शोधताना फॉन्टचं नाव कृतिदेव आहे का हेही तपासा, नाहीतर फाईलमधल्या इंग्रजी ‘ऑफिस’मधले दोन्ही एफ वेलांट्या होतील.

वकिलांच्या ड्राफ्टची तऱ्हा वेगळी. सिव्हिल लाइन्समधल्या एका वकीलसाहेबांकडून फाईल आली होती. साहेबांच्या लाल दुरुस्त्यांनी भरलेली, म्हणजे ट्रॅक चेंजेस चालू. ज्युनियरने एक मॅक्रो लावला होता: दोन मोकळ्या जागा सापडल्या की एक पूस, सापडेपर्यंत चालू ठेव. साधं काम. आणि मॅक्रो पहिल्याच परिच्छेदात थिजलेला, आकडा हलत नव्हता. ज्युनियर म्हणे, “मॅडम, घरच्या फाईलवर बरोबर चालला होता.” चालणारच. ट्रॅक चेंजेस चालू असताना पुसलेला मजकूर जात नाही, त्याच्यावर लाल रेघ येते आणि तो फाईलमध्येच राहतो. सगळे बदल दिसत असताना फाइंडला तो दिसतोही. म्हणजे पुसला, परत सापडला, परत पुसला. सुरुवातीला ‘ट्रॅकरिव्हिजन्स’ खोटं करा, आधीची स्थिती एका व्हेरिएबलमध्ये धरून ठेवा आणि काम झालं की परत लावा. मात्र पटकन मोकळं व्हायला ‘सगळे बदल स्वीकारा’ ही आज्ञा मॅक्रोत टाकू नका. कुणाची कुठली दुरुस्ती मान्य करायची हा वकिलाचा अधिकार आहे, डीटीपीवालीचा नाही. मी आधी फोन करते.

टेबलांचं दुखणं तर सगळ्यांनाच आहे. प्रत्येक कप्प्याच्या शेवटी वर्डची एक अदृश्य खूण असते, ती पुसता येत नाही. मजकूर न देता नुसतं फॉरमॅट शोधत असाल, समजा ठळक अक्षरं, आणि अख्खा कप्पा ठळक असेल, तर सापडलेली रेंज कोलॅप्स करूनही त्या खुणेच्या अलीकडेच राहते आणि तोच कप्पा परत सापडतो. उपाय असा: रेंज टेबलात आहे का ते ‘इन्फर्मेशन’ने विचारा, असेल आणि तिचा शेवट कप्प्याच्या शेवटाच्या एक अक्षर अलीकडे असेल, तर रेंजचा शेवट कप्प्याच्या शेवटावर न्या, मग कोलॅप्स करा. ओळीच्या शेवटच्या खुणेवर येऊन पडलात तर आणखी एक पाऊल. प्रबंधातल्या सारण्यांवर याच्याशिवाय मॅक्रो चालवूच नये.

फाईलच्या शेवटालाही असंच एक अढळपद आहे: शेवटची पॅराखूण. ती कुणालाच काढता येत नाही. ‘लागोपाठ दोन पॅराखुणा सापडतात तोवर एक कर’ हा रिकाम्या ओळी काढायचा लोकप्रिय मॅक्रो म्हणूनच शेवटच्या रिकाम्या ओळीवर डोकं आपटत बसतो. टेबलाला चिकटलेल्या रिकाम्या ओळीही पुष्कळदा हटत नाहीत. मी इथे शोधाच्या उत्तरावर विसंबत नाही. बदल करण्याआधी परिच्छेद मोजते, नंतर मोजते, आकडा तोच असेल तर बाहेर. आणि ‘सिलेक्शनचा शेवट फाईलच्या शेवटाएवढा होईपर्यंत’ अशी अट लिहिणाऱ्यांनो, कर्सर त्या शेवटच्या खुणेच्या पुढे जाऊच शकत नाही, तो नेहमी एकने कमी राहतो. बरोबरचं चिन्ह काढा, ‘फाईलच्या शेवटातून एक वजा केल्यावर येणाऱ्या आकड्याएवढा किंवा त्याहून मोठा’ असं लिहा.

‘फॉर ईच’बद्दल थोडक्यात. प्रत्येक परिच्छेदानंतर एक रिकामा परिच्छेद घालायचा मॅक्रो फॉर ईचने लिहिला की घातलेला रिकामा परिच्छेदच पुढचा परिच्छेद होतो, आणि त्याच्यानंतर आणखी एक. फाईल फुगत जाते. पुसायचं असेल तर उलटं होतं, मधले परिच्छेद सुटतात. घालायचं असो वा पुसायचं, आकड्याचा साधा फॉर घ्या आणि शेवटाकडून सुरुवातीकडे या, ‘स्टेप’ उणे एक. साध्या फॉरची मर्यादा सुरुवातीला एकदाच मोजली जाते, त्यामुळे आत तुम्ही आय स्वतः बदलला नाहीत तर तो अनंत होऊच शकत नाही. हळू होईल, पण संपेल.

आणि मुळात लूप हवाच आहे का? नुसता शब्दाला शब्द बदलायचा असेल तर ‘रिप्लेस ऑल’ची एक आज्ञा पुरते. ‘न’ च्या जागी ‘नन’ घाला म्हटलं तरी ती एकदाच घालते, नव्याने घातलेल्याला पुन्हा शिवत नाही. कितीतरी लूप निव्वळ कुणीतरी तसा लिहिला होता म्हणून पुढे चालत आलेत.

एखादा मॅक्रो थांबेल की नाही हे आधीच सांगणारा सर्वसाधारण प्रोग्रॅम बनूच शकत नाही, हे ॲलन ट्युरिंगने १९३६ सालीच सिद्ध करून ठेवलंय. त्यामुळे प्रत्येक मॅक्रोला मी दोन लगाम घालते. पहिला जागेचा: मागच्या फेरीचा स्टार्ट लक्षात ठेवायचा, नवा त्याच्याहून पुढे नसेल तर बाहेर. दुसरा मोजणीचा: फेऱ्या मोजायच्या, आणि त्या फाईलमधल्या एकूण अक्षरांपेक्षा जास्त झाल्या की बाहेर. एकेका अक्षराचा निकाल एकदाच लावायचा असेल तर यापेक्षा जास्त फेऱ्या लागायचं कारणच नाही. बाहेर पडताना शेवटचा आकडा मेसेज बॉक्समध्ये दाखवायचा. आकडे तिथे नीट दिसतात. मोजणीचं व्हेरिएबल ‘लाँग’ घ्या. ‘इंटिजर’ ३२,७६७ ला संपतो आणि ओव्हरफ्लोची चूक येते. तशी ती चूक आल्यामुळेच कित्येकांचा अनंत लूप थांबतो आणि त्यांना वाटतं मॅक्रोत दुसराच काहीतरी घोळ आहे.

चाचणी नेहमी कॉपीवर, हे सांगायची गरज नाही तरी सांगते. वर्ड २०१० पासून ‘अनडूरेकॉर्ड’ आलंय: मॅक्रोच्या सुरुवातीला ‘स्टार्ट कस्टम रेकॉर्ड’, शेवटी ‘एन्ड कस्टम रेकॉर्ड’, की मग मॅक्रोने केलेलं सगळं एका कंट्रोल-झेडमध्ये परत फिरतं. फक्त लगामातून बाहेर पडायची वाट रेकॉर्ड बंद करणाऱ्या ओळीवरूनच जाईल असं बघा, मधूनच ‘एक्झिट सब’ केलंत तर ते उघडंच राहतं.